कर्णा आणि पडदा



वसंतातल्या व्याख्यानांत धर्म, इतिहास, साहित्य असे भारदस्त विषय यावयाचे. त्यांच्या पंक्तीला आम्ही आज लाउडस्पीकरचा कर्णा आणून बसविला आहे, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. परंतु गेली कित्येक दशके आपल्या मुलखात ज्या सभा, जी कीर्तने, जी व्याख्याने झाली, त्यांपैकी बहुतेक आपल्या कानी पडली ती याच वस्तूच्या तोंडून. वक्त्याचे आपण आभार मानतो, अध्यक्षांना हार घालतो. कर्ण्याकडे मात्र लक्ष जाते ते तो शिट्टी मारू लागला म्हणजेच. तेव्हा एक संध्याकाळ त्याच्यासाठी खर्ची घालण्यास हरकत नसावी.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. कर्णा हा आवाज वाढविणारे यंत्र नव्हे. त्यात वीज नाही, चुंबक नाही, हलणारा एकही भाग नाही. तो नुसता पत्र्याचा किंवा लाकडाचा रिकामा मार्ग आहे. मग तो करतो काय? तो हलणारा पडदा आणि बाहेरची हवा या दोघांत मध्यस्थी करतो. आणि मध्यस्थ कितीही हुशार असला तरी दोन्ही पक्ष पाहूनच नेमावा लागतो. सध्या लग्नसराईचे दिवस आहेत. छत्तीस गुणांची पत्रिका पाहणारी मंडळी समोर बसली आहेत. पण गावातल्या मंडपावर जो कर्णा चढतो त्याची आणि त्याच्या मागच्या युनिटची पत्रिका कोणी पाहिली आहे काय? दुकानात जे मिळाले ते जोडले, आणि आवाज पुरेना म्हणून मोठा अॅम्प्लिफायर आणला, असाच व्यवहार बहुतेक ठिकाणी दिसतो.

आता अडचण कुठे आहे ते पाहू. लाउडस्पीकर उघडून पाहिला तर आत एक चुंबक, त्याच्या फटीत तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटविलेला कागदाचा पडदा असतो. वेटोळ्यातून वीज वाहिली की पडदा मागेपुढे हलतो. हे सारे वजनाने जड आणि समोरची हवा अगदी हलकी. हात हवेत जोराने हलवा. हाताला श्रम होतात, पण वारा लागत नाही. तोच हात सूप धरून हलवा, म्हणजे धान्यातला भुसा उडून जातो. हातातली ताकद तीच. फरक पडला तो हवेने धरलेल्या विरोधात. उघड्या पडद्याची गत रिकाम्या हातासारखी असते. दिलेल्या विजेपैकी शेकडा एक किंवा त्याहूनही कमी भाग ध्वनी होऊन बाहेर पडतो आणि बाकीची सगळी वेटोळे तापविण्यात जाते. पडद्यापुढे अरुंद गळ्याचा, हळूहळू रुंदावत जाणारा कर्णा लावला म्हणजे त्या गळ्यातली हवा पडद्याला जड लागते, पडदा तिच्यावर खरोखर काम करू शकतो, आणि ते काम पायरीपायरीने विस्तीर्ण हवेच्या हवाली होते. चांगल्या जुळणीत शेकडा दहा ते तीस, क्वचित त्याहून अधिक भाग ध्वनी होतो.

हा प्रकार आपल्या लोकांना नवा नाही. शंख, शिंग, तुतारी आणि सनई ही सारी याच कुळातली. सनईची नुसती पत्ती तोंडात धरून फुंकली तर जो चिरका आवाज निघतो त्यावर कोणी वऱ्हाडी उठून बसणार नाही. तीच पत्ती नळीवर चढविली की आवाज वेशीपर्यंत जातो. मात्र वाद्य आणि लाउडस्पीकर यांत एक मोठा भेद आहे. तुतारीला आपले ठरावीक स्वरच घुमवायचे असतात, लाउडस्पीकरच्या कर्ण्याला कोणताही स्वर आपला म्हणावयाचा नसतो. जो कर्णा स्वतःचा सूर लावतो तो वक्त्याचा सूर बिघडवितो.

या रुंदावण्याचे गणित अमेरिकेतील वेबस्टर यांनी १९१९ साली मांडले. त्याआधीच, १९१५ मध्ये, जेन्सन आणि प्रिडहॅम या जोडीने सॅन फ्रान्सिस्कोत कर्ण्यातून हजारो लोकांना आवाज ऐकवून दाखविला होता. म्हणजे सवयीप्रमाणे कारागीर पुढे आणि गणिती मागे. पुढे मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी ग्रामोफोनच्या बाबतीत एक फार सुंदर विचार केला. लांब तारेतून टेलिफोनचा आवाज न गळता कसा न्यावा, याचे शास्त्र विजेच्या अभियंत्यांजवळ तयार होते. तेच शास्त्र त्यांनी सुई, पडदी आणि कर्णा या साखळीला लावले, आणि १९२५ साली त्या जुळणीचा घडीचा कर्णा असलेला ग्रामोफोन बाजारात आला. विजेचा एक थेंब न वापरता केवळ जुळणीने त्याने आधीच्या यंत्रांना मागे टाकले. १९२६ साली बोलपटांसाठी वेन्ट आणि थुरास यांचे ५५५ क्रमांकाचे युनिट निघाले. एकाच युनिटने सारा आवाज काढायचा आणि त्याला सुमारे १४ फूट लांबीचा वळविलेला कर्णा, असा तो थाट होता. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला, पुढल्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, तेव्हा जगभरच्या पडद्यांमागे कर्ण्यांचेच राज्य होते. त्या काळच्या अॅम्प्लिफायरची ताकद आजच्या मानाने अगदी बेताची. थिएटर भरत असे ते जुळणीच्या जोरावर.

आज वॅट स्वस्त झाले आणि जुळणी विसरली गेली. एक हिशेब करून पाहू. साधा पेटीतला स्पीकर एक वॅटला, एक मीटर अंतरावर, सुमारे ९० डेसिबल आवाज देतो. बरा कर्णा १०५ देतो. फरक पंधराचा दिसतो, पण डेसिबलची मोजणी अशी आहे की दर दहाला ताकद दसपट होते. पंधरा म्हणजे सुमारे बत्तीस पट. म्हणजे कर्ण्यातला एक वॅट समोरच्या माणसाला पेटीतल्या बत्तीस वॅटांच्या बरोबरीचा. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल कमी होतात. त्या हिशेबाने ६४ मीटरवर, म्हणजे दोनशे फुटांच्या पुढे, या एका वॅटचे ६९ डेसिबल उरतात. समोरासमोर बसून आपण बोलतो तो आवाज साठीच्या आसपास असतो. तेव्हा साध्या बोलण्याहून मोठा आवाज दोनशे फुटांवर न्यायला एक वॅट पुरतो.

आता ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम पहा. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेहून दहाने अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे वस्तीत दिवसा ६५. आमचा एक वॅटचा कर्णा हद्दीकडे तोंड करून ६४ मीटरवर बांधला तर तोच ही रेषा ओलांडतो! त्याच जागी शंभर वॅट सोडले तर ८९ होतात. शेजारी तान्हे मूल झोपले आहे, दहावीचा विद्यार्थी बसला आहे, कोणी आजारी आहे. त्यांनी काय करावे? रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नको, हा नियम सर्वांना ठाऊक आहे आणि तो मोडतो कोण हेही सर्वांना ठाऊक आहे. आम्हांस त्यावर उपदेश करावयाचा नाही. आम्ही एवढेच दाखवितो की शंभर वॅटांची गरजच मुळात जुळणीच्या अज्ञानातून निघाली आहे. शब्द कळेना म्हणून आवाज वाढवितात. आवाज वाढला की पडदा फाटका बोलू लागतो आणि शब्द आणखीच कळेनासा होतो.

शब्द का कळत नाही, याचे एक कारण कर्ण्याच्या तोंडातच आहे. कर्णा कोणत्या स्वरापर्यंत खाली काम करील हे दोन गोष्टी ठरवितात. एक, तो किती सावकाश रुंदावतो. आणि दुसरी, त्याचे तोंड किती मोठे आहे. मोकळ्या हवेत टांगलेल्या कर्ण्याच्या तोंडाचा परीघ निदान त्या स्वराच्या एका लहरीएवढा हवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. सेकंदाला १०० कंप असलेल्या स्वराची लहर साडेतीन मीटरची. तिला अकरा-साडेअकरा दशांश मीटर, म्हणजे पावणेचार फुटांच्या आसपास व्यासाचे तोंड लागेल. मंडपावर टांगतो तो अॅल्युमिनियमचा कर्णा मोठा झाला तर वीस इंचांचा. त्याची खालची सीमा २२० कंपांच्या आसपास येते. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर याच्या खालीच असतो. तरीही भाषण समजते, कारण शब्दांचा अर्थ वाहणारी व्यंजने दोन-चार हजार कंपांच्या भागात असतात. पखवाजाचा घुमारा मात्र त्यातून जाणार नाही, कोणी कितीही वॅट ओतले तरी. भजनी मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

इथेच युनिट उडण्याचेही रहस्य आहे. सीमेच्या खाली गेले की कर्ण्याचा भार सुटतो. विहिरीवर रहाट ओढता ओढता दोर तुटला म्हणजे माणूस जसा मागे कोसळतो, तसा तो नाजूक पडदा मोकळा होऊन आपटू लागतो आणि फुटतो. मग म्हणतात, युनिट हलके होते. युनिट हलके नव्हते. त्याच्याकडून न होणारे काम मागितले होते. १६ ओहमच्या युनिटला थेट जोडणी असेल तर ४० मायक्रोफॅरडचा, अधिक-उण्याची खूण नसलेला कंडेन्सर ओळीत घातला तर सुमारे अडीचशे कंपांखालची वीज बरीच अडते. हा हिशेब ढोबळ आहे, पण फुटलेल्या पडद्यापेक्षा बरा.

आणखी एक बारीक गोष्ट. उंच स्वर कर्ण्याच्या तोंडासमोर सरळ जातात, बाजूला पसरत नाहीत. म्हणून कर्ण्याच्या बाजूला बसलेल्या बायाबापड्यांना गडबड ऐकू येते, शब्द नाही. आपल्या जवळच नर्सी आहे आणि औंढा आहे. नामदेवांना देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करावे लागले आणि नागनाथाचे देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथा इथे लहान मुलालाही ठाऊक. लाउडस्पीकरवाल्यासाठी देऊळ फिरत नसते. त्याने कर्णा फिरवावा. आणि रस्त्याने दर खांबाला एक असे दहा कर्णे बांधू नयेत. ३५ मीटर दूरचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो, आणि एकाच वाक्याचे चार तुकडे एकमेकांवर चढतात.

ही झाली मंडपाची बाजू. आता ज्या विषयात आमचा खरा जीव आहे त्याकडे वळतो. घरासाठी, वाचनालयासाठी, लहान सभामंडपासाठी लाकडाचा कर्णा करावा आणि त्यात फुल-रेंज स्पीकर, म्हणजे एकाच पडद्याने खालपासून वरपर्यंत सारे स्वर काढणारा स्पीकर बसवावा, हा छंद जगात पुष्कळांना आहे. इंग्लंडमध्ये पॉल व्होइट यांनी तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात शास्त्रावर आणला. हलका पडदा, मध्ये उंच स्वरांसाठी दुसरा चिमुकला पडदा आणि जबरदस्त चुंबक असा त्यांचा घाट होता. तीच परंपरा लोथर यांनी चालविली आणि जपानमध्ये फोस्टेक्सच्या स्पीकरांवर असंख्य हौशी लोकांनी. त्यात बहुधा पडद्याची पुढची बाजू उघडी ठेवतात आणि पाठीमागचा आवाज पेटीत घडी घातलेल्या लांब कर्ण्यातून बाहेर आणतात. वरचे स्वर पडदा थेट देतो, खालचे कर्णा देतो.

आपल्याकडे या कामात एक मोह फार होतो. घरात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असतो, त्यातला आठ इंची स्पीकर अजून गोड वाजतो. तोच काढून कर्ण्यात बसवावा असे वाटते. पेटी तयार होते, आणि आत कोणी पिंपात बोलतो आहे असा आवाज येतो. सुताराला दोष देतात. दोष सुताराचा नसतो.

स्पीकरच्या पत्रिकेत तीन आकडे पाहावयाचे. ऑस्ट्रेलियात थीले यांनी १९६१ साली आणि त्यानंतर स्मॉल यांनी ते रूढ केले, आणि आज चांगला कारखानदार ते छापून देतो. पहिला एफएस, म्हणजे पडदा मोकळा सोडला तर सेकंदाला कितीदा झुलेल. दुसरा क्यूटीएस, म्हणजे त्या झुलण्याला लगाम किती. चुंबक बलवान तर हा आकडा लहान. तिसरा व्हीएएस, म्हणजे पडद्याच्या झोळीइतकी लवचीक असणारी हवा किती लिटर. कील यांनी १९७७ साली या तीन आकड्यांवरून कर्ण्याचा गळा काढण्याची रीत दिली. तिन्हींचा गुणाकार करावा, त्याला ६.२८ ने गुणावे आणि ध्वनीच्या वेगाने भागावे.

समजा, एका स्पीकरचे आकडे ५०, ०.२५ आणि ४० लिटर आहेत. मीटरांत हिशेब केला तर गळा निघतो सुमारे ९० चौरस सेंटिमीटर. आठ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २१० असते. म्हणजे गळा पडद्याच्या निम्म्याहून लहान. ही जोडी नांदेल. आता जुन्या रेडिओसारखा स्पीकर घ्या. चुंबक दुबळे, आकडे समजा ८०, १ आणि तेच ४० लिटर. गळा येतो ५७४ चौरस सेंटिमीटर. पडद्याच्या पावणेतीन पट! हा स्पीकर स्वच्छ सांगतो आहे की मला कर्णा नको. त्याला रुंद फळीवर, मागे उघडा असा बसवा. रेडिओत तो तसाच बसला होता आणि म्हणूनच गोड वाजत होता.

छापील आकडे नसतील तर एक घरगुती परीक्षा आहे. स्पीकरच्या दोन्ही तारा मोकळ्या ठेवून पडद्यावर बोटाने हलकी टिचकी मारा आणि कानाने ऐका. मग त्याच दोन तारा एकमेकींना जोडून पुन्हा मारा. चुंबक बलवान असेल तर दुसऱ्या वेळी आवाज चटकन मरतो, ओल्या मातीवर टिचकी मारावी तसा. दोन्ही वेळा सारखाच घुमला तर कर्ण्याचा विचार सोडावा. अॅम्प्लिफायर लागत नाही, पैसा लागत नाही. दुकानात उभ्या उभ्या होते.

पहिल्या स्पीकरचा कर्णा मग कसा करायचा? ५० कंपांपर्यंत जायचे तर मोकळ्या हवेत जवळपास चार चौरस मीटरचे तोंड लागेल. एवढी पेटी कोणाच्या दारातून आत जाणार? पण जमीन, भिंत आणि कोपरा ही कर्ण्याची फुकट मिळालेली फळ्यांची कामे आहेत. जमिनीवर ठेवला की तोंड निम्मे चालते, भिंतीला लावला की चौथाई, कोपऱ्यात आठवा हिस्सा. म्हणजे अर्धा चौरस मीटर. घराचा कोपरा हाच कर्ण्याचा शेवटचा टप्पा होतो. अमेरिकेत क्लिप्श यांनी याच युक्तीवर आपला प्रसिद्ध कोपऱ्याचा कर्णा उभारला. आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या जाड भिंतींचे कोपरे याला फारच उत्तम; पातळ पत्र्याच्या खोलीत मात्र भिंतच थरथरेल आणि खालचा स्वर गिळून टाकील.

सुताराला समजेल अशा भाषेत सांगायचे तर या कर्ण्याचे क्षेत्रफळ दर ३९ सेंटिमीटरला दुप्पट झाले पाहिजे. गळ्याशी ९०, मग १८०, ३६०, ७२०, असे करीत सव्वादोन मीटरवर ४,९०० च्या जवळ. सव्वादोन मीटर म्हणजे सात फुटांहून थोडे अधिक. ते दोन-तीन घड्या घालून पेटीत बसते. वळणावर रुंदी आवळली जाणार नाही एवढे पाहावे. गळ्याच्या टोकाशी थोडी लाकडी वक्रता चुकली तर स्वर परततो आणि घुमतो. तोंडाकडे अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर कोणाला कळत नाही. म्हणून सुताराची सगळी मेहनत गळ्याकडे लावावी आणि तोंडाकडे हात सैल सोडावा. आम्ही पाहतो ते नेमके उलट. तोंडाला पॉलिश आणि गळ्यात खिळ्यांची टोके.

पडदा आणि गळा यांच्यामध्ये जी लहान कोठडी राहते तिलाही काम आहे. ती नसेल तर माणसाच्या आवाजातला मधला भागही कर्ण्यातून उशिराने बाहेर येतो आणि पडद्याच्या थेट आवाजाशी भांडतो; पिंपात बोलल्याचा भास होण्याचे हे दुसरे कारण. ९० चौरस सेंटिमीटरच्या गळ्यामागे अडीच लिटरची कोठडी ठेवली तर सुमारे २०० कंपांच्या वरचा आवाज ती गळ्यात जाऊ देत नाही. प्रथम कोठडी मुद्दाम थोडी मोठी करावी. मग लाकडाचे ठोकळे आत टाकून ती कमी कमी करीत जावे, आणि ओळखीच्या माणसाचे बोलणे लावून ऐकावे. गाणे लावू नये. गाण्यात चूक लपते. बोलणे माणसाचे वाटले की ठोकळे तिथेच सरसाने चिकटवून टाकावेत.

फळी १८ मिलिमीटरच्या प्लायवूडची पुरते; सागवानाची हौस असेल त्याने ती बाहेरून करावी. सांधे हवाबंद हवेत, एवढ्यावर मात्र तडजोड नाही. पेटी पुरी झाल्यावर कोपऱ्यात लावा आणि मोबाइलमधून स्वर काढून, शंभर कंपांपासून हळूहळू खाली या. एका जागी पडदा एकदम जास्त हलू लागलेला डोळ्यांना दिसेल. तिथे तुमच्या कर्ण्याची सीमा. तो आकडा पेन्सिलीने पेटीच्या पाठीवर लिहून ठेवा, आणि जो कोणी पुढे तिला अॅम्प्लिफायर जोडील त्याला तो आधी वाचायला लावा.